शेजारच्या भिंतीवरची बाई

मंगळवारी सकाळी पाव आणायला म्हणून दाराबाहेर पाऊल टाकलं आणि वरून कुणीतरी आपल्याला खुणावतंय असं वाटून थबकलो. माझ्यासारख्या माणसाला कुणी खुणावत नाही. खुणावलंच तर ते मागच्या कुणाला तरी असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून सवयीने आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ओल्या दगडी फरसबंदीचा उतार होता, आणि उताराच्या टोकाला भरतीचं पाणी चढत आलेली नदी, नुकती जागी झाल्यासारखी. मग वर पाहिलं. शेजारच्या घरावर दुरुस्तीसाठी लावलेली हिरवी जाळी आदल्या संध्याकाळी उतरवली होती, आणि जन्मभर जिथे मी एक करडी, सपाट, गिलावा केलेली भिंत पाहत आलो होतो तिथे आता तांबड्या लाकडाचं एक आख्खं घर उभं होतं. खांब, आडवे वासे, तिरके टेकू, त्यांच्यामधे सायीच्या रंगाचा लेप. आणि वरच्या मजल्याच्या अगदी टोकाला, आमच्या घराला चिकटलेल्या खांबावर, हातभर उंचीची लाकडाची बाई. एक पाय उचललेला, लाकडी जोड्याची टाच दिसतेय, घागरा फुगलेला, डोक्यावरच्या टोपीची टोकं मागे उडालेली. डावा हात कमरेच्या खाली, आणि उजवा हात खांबाच्या कडेपर्यंत ताणून थेट आमच्या भिंतीकडे केलेला. त्या हाताची करंगळी वाकडी. मी बराच वेळ उभा राहिलो. इतकी वर्षं ही बाई आमच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर, चुन्याखाली, एक पाय उचलून उभी होती, आणि मी आत पुस्तक वाचत होतो.

पाव आणायचा राहिला. फान्तिग म्हणाली, "रिकाम्या हाताने आलास? दुकान बंद होतं का तू विसरलास?" फान्तिग माझी थोरली बहीण. आम्ही दोघंही लग्नाचे राहिलो. ती स्वतःच्या मर्जीने, आणि मी, ती म्हणते त्याप्रमाणे, विचार करता करता. मी तिला बाईबद्दल सांगितलं. ती खिडकीतून वाकून पाहून आली, तोवर खालच्या गल्लीत चार माणसं जमली होती, आणि दुपारपर्यंत गावाने बाईला नाव देऊनसुद्धा टाकलं होतं: बोट खुपसणारी. "बेकरीवाली काय म्हणाली माहितीये?" फान्तिग तव्यावर काळ्या गव्हाचं घावन पसरत म्हणाली. "म्हणाली, लोक दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसतात, ही बया बोट खुपसते. म्हणाली, तुमच्या दोघांच्या घरात खुपसण्यासारखं आहे काय पण, पुस्तकं नि वाळवी?" ती स्वतःच हसली, आणि घावनावर खाऱ्या लोण्याचा गोळा इतक्या जोराने आपटला की तो उडी मारून तव्याच्या कडेला गेला. मीही हसलो. पण जेवताना माझं लक्ष सारखं त्या भिंतीकडे जात होतं, जिच्या पलीकडे तो हात येऊन थांबला होता.

मला हे गाव आवडतं, हे मी कधी कुणाला मोठ्याने सांगितलेलं नाही. इथे जन्मलेल्या माणसाने असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या आईला देखणी म्हणण्यासारखं आहे. खरं असलं तरी बोलायचं नसतं. नगराच्या वाचनालयात मी आयुष्य काढलं, तिथेही लोक गावाबद्दल विचारायला यायचे तेव्हा पुस्तक काढून द्यायचो आणि बाजूला व्हायचो. एकदा एका पाहुण्याने जुन्या धुणघाटाची वाट विचारली; मी सांगितली, आणि तो कोपऱ्यावर वळताच मला शंका आली, म्हणून धावत त्याच्या मागे गेलो आणि सांगितलेली वाट दुरुस्त केली. पहिली बरोबर होती. तेव्हापासून कुणाला काही ठामपणे सांगायचं म्हटलं की माझ्या पोटात तो माणूस चुकीच्या गल्लीत चालत राहतो. पण ऐकायला मला फार आवडतं. दर शनिवारी दुपारी नोलवेन बाहेरगावच्या लोकांना गाव दाखवायला निघते, देवळामागच्या चौकातून सुरू करून तटबंदीखालच्या बागेपर्यंत. आणि निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी हातात पावाची पिशवी घेऊन त्यांच्यामागे थोडं अंतर राखून चालतो. पिशवी अशासाठी की कुणी पाहिलं तर काहीतरी कामाला निघालोय असं वाटावं. नोलवेन बोलते आणि माझ्या पायाखालचे दगड, ज्यांच्यावरून मी शाळेत गेलो, आईच्या शवपेटीमागून चाललो, तेच दगड मला ऐकू यायला लागतात. वरच्या मजल्याने खालच्याच्या पुढे झुकायचं आणि त्याच्या वरच्याने आणखी पुढे, अशी घरं. पावसाने काळे पडलेले दगडी उंबरे, मधोमध झिजलेले. चौकातल्या विहिरीचा कठडा, दोरांनी पाडलेल्या खाचांचा. पॅरिसची माणसं "अहाहा" म्हणतात, आणि मला वाटतं, जणू ते मलाच म्हणालेत. मग मी पिशवीत डोकं घालतो.

बुधवारी आणि गुरुवारी मी निमित्तं काढून चार-चारदा बाहेर गेलो. बाईचं बोट मला सोडत नव्हतं. खुणावणारं बोट पहिलं असतं, करंगळी नव्हे. टोमणा मारणारी, नखरा करणारी करंगळी हवेत उभी राहते, हिची खाली वाकलेली होती, आकड्यासारखी. आणि मनगट. मनगट किंचित कललेलं होतं, कुणीतरी पलीकडून ओढल्यावर कलतं तसं. ज्या करंगळीत काहीच अडकलेलं नाही तिला अशी ओढ लागत नाही. हे लक्षात आलं तेव्हा मी गल्लीच्या मधोमध उभा होतो आणि मागून भाजीची ढकलगाडी येत होती. ती ढकलणाऱ्याने मला काय शिवी दिली तेही मला ऐकू आलं नाही, फान्तिगने नंतर सांगितलं. कारण मला ते बोट ओळखीचं होतं. माझ्याइतकं ते बोट गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. इथली माणसं साखळी करून नाचतात, खांद्याला खांदा लावून, हात धरत नाहीत, फक्त करंगळीत करंगळी अडकवतात आणि सगळी साखळी एकदम हात वर घेते, आत वळवते, खाली सोडते. पाळण्यातून उतरलेलं पोर ते शिकतं. नाचणाऱ्याला बोटाकडे बघावं लागत नाही, बोट आपलं आपण अडकतं. बघत असतो तो कडेला उभा राहिलेला. मी आयुष्यभर कडेला उभा राहिलो. वरातींत, जत्रांत, सुगी संपल्यावर चौकात व्हायच्या दुपारच्या नाचांत, हातात पुस्तक धरून, आणि पाय बघायची लाज वाटते, चेहरे बघायची भीती वाटते, म्हणून बोटं बघत आलो.

एकदा, कुणाच्या तरी लग्नात, देवळामागच्या चौकात साखळी माझ्या समोरून चालली होती. टोकाला मार्गेद होती, होडी बांधणाऱ्या घरातली. सनईच्या तिखट सुरावर साखळी नागासारखी वळत होती, आणि वळणावर तिचा मोकळा हात माझ्यापुढे आला, करंगळी वाकवून. ती बघतही नव्हती माझ्याकडे, टोकाच्या माणसाने जवळच्याला ओढून घ्यायचंच असतं, तशी रीतच आहे. मी त्या बोटाकडे पाहिलं. त्याच्यावर पिठाचा एक पांढरा कण होता, एवढं मला आठवतं. सकाळी तिने कणीक मळली असेल. मी पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात घेईपर्यंत साखळी पुढे निघून गेली होती. त्याचं मोठं दुःख झालं असंही नाही. मार्गेद पुढे लोरियाँला गेली, सुखाने नांदली असं ऐकलं. पण तेव्हापासून मला ठाऊक आहे की मोकळी करंगळी आणि अडकलेली करंगळी यांत काय फरक असतो. मोकळी असते तेव्हा मनगट सरळ असतं.

म्हणजे आमच्या गिलाव्याखाली, आमच्या पहिल्या खांबावर, दुसरं कुणीतरी आहे. शुक्रवारी सकाळी कॉफीचा वाडगा दोन्ही हातांत धरून मी हे वाक्य मनाशी म्हणून पाहिलं. शेजारच्या घराची परांची शनिवारी संध्याकाळपर्यंत उतरवायची होती, गवंडी जोबने फान्तिगला सांगितलं होतं. ती उतरली की मग आमच्या एका वेड्या कल्पनेसाठी कुणी पुन्हा बांधणार नव्हतं, आणि आम्ही दोघं अशा वयात आहोत की पुढच्या वेळी म्हणण्यात अर्थ नाही. पण बोललो आणि खाली काही नसलं तर? गावात असली घरं आहेतच. गिलावा काढला आणि आत निघाली वेडीवाकडी, मुळातच झाकण्यासाठी लावलेली लाकडं. तशा एका घराच्या मालकाला लोक अजून "सोललेला" म्हणतात. आमची भिंत पश्चिमेची. समुद्रावरचा वारा सरळ तिच्यावर येतो. फान्तिगची खोली त्या भिंतीला लागून आहे आणि तिची छाती दर हिवाळ्यात भरते. एका बोटाच्या वाकण्यावरून मी बहिणीची भिंत फोडायला लावणार, आणि मग बेकरीवाली आयुष्यभर ते सांगणार. मला जे वाटतं ते बहुतेक वेळा चूक असतं. मी वाडगा ठेवला, पुन्हा उचलला. फान्तिग म्हणाली, "पी तरी, नाहीतर ओत तरी. तुझी कॉफी बघून मलाच थंडी वाजते."

शनिवारी मी पिशवी घेऊन निघालो. हलका झिमझिम पाऊस होता, छत्री उघडली तर लाज वाटावी इतका. नोलवेनच्या मागे वीसेक माणसं होती, टोप्या ओढून. चौक, विहीर, कुंभारगल्ली, मग आमची गल्ली. वर परांचीवर जोब आणि त्याचा जोडीदार फळ्या सोडवायला लागले होते, आणि दर फळी निघाली की मी उरलेल्या मोजत होतो. नोलवेन थांबली. तिचा आवाज असा आहे की दगडालाही आपण महत्त्वाचे आहोत असं वाटावं. "आणि ही आमची सगळ्यात नवी जुनी बाई," ती म्हणाली. "मंगळवारी अवतरली. गावाने तिला नाव दिलंय, बोट खुपसणारी. बघा, शेजाऱ्यांच्या घरात काय चाललंय ते बोटाने चाचपून बघते." लोक हसले. वरून फान्तिग खिडकीतून ओरडली, "काही चालत नाही गं बाई इथे! बोट काढून घे म्हणावं!" आणखी मोठं हसू. मी मागे पाणी जायच्या नळाजवळ उभा होतो. एक फळी निघाली, दुसरी निघाली. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, फाटलेला, लहान पोराचा असावा तसा.

"ती खुपसत नाही. ती नाचतेय."

सगळे वळले. मी पिशवीकडे पाहिलं, मग वाटलं की आता पिशवीत जायला जागा नाही. "काय म्हणालात काका?" नोलवेनने विचारलं. तिने मला ओळखलं होतं. पुढे कळलं की ती मला फार आधीपासून ओळखत होती, पावाचा माणूस म्हणून. "करंगळी बघा," मी म्हणालो. "आणि मनगट. कुणीतरी ओढतंय तिला. तिच्या पलीकडे... आमच्या भिंतीत कुणीतरी असणार." आणि लगेच म्हणालो, "कदाचित. मला नक्की नाही. बहुतेक नसेलच." पॅरिसच्या माणसांना काही कळलं नाही. पण वर परांचीवर जोब थांबला. तो बाईच्या समोर होता, तोंडासमोर तोंड. त्याने हातमोजा काढला, स्वतःची करंगळी वाकवली, तिच्या करंगळीशेजारी धरून पाहिली, आणि त्याच्या तोंडून एक शब्द निघाला जो नोलवेनने पाहुण्यांना समजावून सांगितला नाही. "पाच दिवस मी हिच्या नाकासमोर आहे," तो खाली ओरडला, "आणि काल रात्री मी स्वतः नाचून आलोय! ए, ती फळी राहू दे!" खिडकीतून फान्तिगचा आवाज आला, "अरे पण भिंत कुणाची आहे? मला कुणी विचारणार की नाही?" सगळे तिच्याकडे पाहायला लागले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती मला वाचवणार, मला पहिल्यापासून जसं वाचवत आली तसं, नको म्हणून. "एर्वे," ती म्हणाली, "तुला खरंच वाटतं?" मी मान हलवली. "मानेने नको, तोंडाने सांग. माझ्या उशाची भिंत आहे." "वाटतं," मी म्हणालो. "मग फोडा," फान्तिग म्हणाली. "पण धूळ माझ्या बिछान्यावर आली तर याला बाईशेजारी टांगेन."

त्यानंतर नोलवेनने फोन केले, कुठलीशी परवानगी आली, एका खांबापुरती, परांची बुधवारपर्यंत राहिली. ते दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. पुस्तक उघडायचो आणि त्याच पानावर बसायचो. फान्तिगच्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावायचो. भिंत थंड होती, तिच्या आत कुणी असल्याची काही खूण नव्हती. मला स्वतःचा राग येत होता आणि त्याच वेळी एक विचित्र हलकेपणाही. बोललं गेलं होतं, आता शब्द परत धावत जाऊन दुरुस्त करता येणार नव्हते. बुधवारी जोबने गिलावा ठोकला. आधी चुन्याचे पापुद्रे, मग त्याखालच्या लाकडाच्या चिवट पट्ट्या, मग पट्ट्यांचे खिळे, एकेक करून. नोलवेन खाली होती, बेकरीवाली हात पुसत आली होती, शेजारी सगळे. मी खिडकीत होतो, फान्तिगच्या मागे. खांब उघडा झाला. तो सपाट होता.

सपाट, आणि जखमांनी भरलेला. कुणीतरी सुताराच्या तासणीने त्याचा पुढचा भाग वरपासून खालपर्यंत छिलून टाकला होता, गिलाव्याच्या पट्ट्या नीट बसाव्यात म्हणून. मला खाली बघवेना. बेकरीवाली म्हणाली, "चला, म्हणजे काही नव्हतंच," आणि तिचा आवाज, मला आश्चर्य वाटलं, खट्टू झालेला होता. मग जोबने खिशातला बारीक ब्रश काढून खांबाच्या कडेची, दोन घरांच्या सांध्यातली धूळ झाडली, आणि मान न वळवता म्हणाला, "काका, इकडे या. परांचीवर या. धरतो मी तुम्हाला." मी खिडकीतून परांचीवर पाय टाकला, आयुष्यात पहिल्यांदा, फान्तिगने मागून कोट धरला होता. तासणीला त्या सांध्यात वळायला जागा नव्हती. तिथे, बाईच्या करंगळीत अडकलेली, आमच्या गिलाव्याखाली लपलेली दुसरी एक करंगळी शाबूत होती. तिच्यामागे अर्धा तळहात, आणि मग छिललेलं लाकूड. आणि जवळून पाहिलं तर त्या छिललेल्या लाकडातही तिचा जोडीदार होता. कोरीवकामाच्या खोलगट रेषा तासणीच्या पोहोचेपलीकडे उरल्या होत्या. एका खांद्याचं वळण, टोपीच्या कडेची रेघ, आणि खाली दोन लाकडी जोडे, एक जमिनीवर, एक उचललेला, बाईच्या पायाबरोबर. मी हात लावला नाही. मला वाटलं, हे सगळं बघण्याचा अधिकार मला आहे की नाही ते कुणाला तरी विचारायला हवं. मागून फान्तिग म्हणाली, "काय आहे? सांग ना, मेल्या, मला दिसत नाही!" आणि माझ्याऐवजी जोबने सांगितलं. खाली कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी.

प्रश्न एकच राहिला होता, आणि तो जोबने संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून, सफरचंदाच्या सीडरचा पेला फिरवत विचारला. उघडं ठेवायचं की पुन्हा झाकायचं? झाकलं तर भिंत कोरडी. उघडं ठेवलं तर वर एक छोटा छज्जा बसवावा लागेल, दरवर्षी तेल चोळावं लागेल, आणि तरीही थोडा वारा आत येणारच. फान्तिग म्हणाली, "मी खोली बदलते. मला तुझी माळ्यावरची दे आणि तुझी पुस्तकं या भिंतीशी आण, पुस्तकांना सर्दी होत नाही." मी म्हणालो, पुस्तकांनाच होते. ती म्हणाली, "मग तू झोप तिथे." आणि मी हो म्हणालो, लगेच, काही विचार न करता, फान्तिगने जोबकडे पाहिलं आणि जोबने पेल्याकडे.

आता मी त्या खोलीत झोपतो. वारा येतो, खरं आहे. त्याला नदीच्या चिखलाचा आणि ओल्या दगडाचा वास असतो. गल्लीतले आवाज असे येतात की जणू माणसं खोलीतच उभी आहेत. गेल्या शनिवारी मी पिशवी घेऊन निघालो नाही. खाली पावलं थांबली, नोलवेनचा आवाज आला, मग तिने दारावर टकटक केली. "काका, या ना. तुम्हीच सांगा." फान्तिग म्हणाली, "जा, नाहीतर मी जाईन आणि भलतंसलतं सांगेन." मी गेलो. उंबऱ्यावर उभा राहिलो, आणि सांगितलं. किती बरं सांगितलं माहीत नाही, मधेच एक वाक्य उलटं बोललो आणि परत फिरून सरळ केलं, तरी ते थांबून होते. मग पिवळा रेनकोट घातलेल्या एका बाईने वर पाहत विचारलं, "त्याचा चेहरा कसा होता?"

मी वर पाहिलं. छिललेल्या लाकडावर पावसाचं पाणी बारीक चमकत होतं. "माहीत नाही," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, मागच्या माणसालाही ऐकू जाईल इतकं. आणि सगळे, मीसुद्धा, तिथे बघत उभे राहिलो.